दंड कोणत्या उलाढालीवर?
विदर्भातल्या एका वकिलाची कारकीर्द आणि व्यापाऱ्याच्या गल्ल्याचा हिशेब

लाखनी : लाखनीच्या बाजारात बसणाऱ्या व्यापाऱ्याला 'स्पर्धा कायदा' हे शब्द परके वाटतील, पण 'रिंग' म्हणजे काय ते त्याला समजावून सांगावे लागत नाही. तेंदूपत्त्याचा लिलाव असो, आठवडी बाजाराचा ठेका असो, शाळेच्या बाकांचे टेंडर असो की बारदान्याचा पुरवठा असो, चौघे बोलीदार आदल्या रात्री एकत्र बसतात आणि दर ठरतो. या खेपेला तू घे, पुढच्या खेपेला मी. उरलेले दोघे नावाला भाव भरतात आणि चहा पिऊन घरी जातात. पिढ्यान् पिढ्या हे चालत आले आहे. त्यात कोणाला चोरी केल्यासारखे वाटत नाही, उलट हा आपसातला समजूतदारपणा समजला जातो.

व्यापारी बांधवांनी आता एवढे ध्यानात ठेवावे की, २० मे २००९ पासून हा समजूतदारपणा देशाच्या कायद्याने दंडनीय ठरलेला आहे. स्पर्धा अधिनियम २००२ चे कलम ३ त्या दिवशी लागू झाले. जुना मक्तेदारी कायदा १९६९ चा होता. तो मोठ्या घराण्यांच्या मागे लागे आणि छोट्या व्यापाऱ्याचा त्याच्याशी क्वचितच संबंध येई. नव्या कायद्याने मोठा-छोटा हा भेद ठेवला नाही. निविदेत संगनमत केले की बाजाराचे नुकसान झाले, असे तो गृहीत धरतो. तसे झाले नाही हे दाखवून देण्याची जबाबदारी मग आपल्यावर येते.

या पानाच्या वाचकांमध्ये राईस मिलवाले आहेत, भंगारवाले आहेत, वेल्डिंगची आणि फर्निचरची दुकाने चालवणारे कारागीर आहेत, मोबाईलची दुकाने काढलेली तरुण पोरे आहेत. बहुतेकांचा एकच धंदा नसतो. गिरणी असते, जोडीला एक ट्रक असतो, भावाच्या नावाने कापडाचे दुकान असते. अशा माणसाच्या मनात पहिला सवाल येतो तो असा : एका धंद्यात चूक झाली तर दंड त्या धंद्याच्या उलाढालीवर, की साऱ्या गल्ल्यावर?

या सवालाचे उत्तर देशात पहिल्यांदा ठामपणे दिले गेले ते विदर्भातून वर गेलेल्या एका वकिलाच्या अध्यक्षतेखाली. म्हणून आम्ही कायद्याची कलमे सांगत बसण्यापेक्षा त्यांच्या कारकिर्दीच्या वाटेने जाणार आहोत.

न्यायमूर्ती विकास श्रीधर सिरपूरकर यांचा जन्म २२ ऑगस्ट १९४६ चा. चंद्रपूरचे, वकिलांच्या घरातले. शिक्षण नागपूरला, मॉरिस कॉलेजात आणि विद्यापीठाच्या लॉ कॉलेजात. १९६८ च्या सुमारास त्यांनी नागपूर खंडपीठात वकिली सुरू केली आणि ती दोन तपांच्या आसपास चालली. महाराष्ट्राच्या बार कौन्सिलवर ते निवडून गेले होते. १९९२ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, १९९७ मध्ये मद्रासला बदली झाली, २००४ मध्ये उत्तरांचलचे आणि २००५ मध्ये कलकत्त्याचे मुख्य न्यायमूर्ती झाले. १२ जानेवारी २००७ ला सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २०११ मध्ये वयोमानानुसार निवृत्त झाले. पुढे हैदराबादच्या चकमक प्रकरणाच्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष म्हणून वर्तमानपत्रांतून त्यांचे नाव देशभर झाले. पण व्यापाऱ्यांच्या दृष्टीने मोलाची आहेत ती मधली वर्षे, ज्यांची बातमी फारशी कोणी छापली नाही. या वर्षांत ते दिल्लीच्या स्पर्धा अपिलीय न्यायाधिकरणाचे अध्यक्ष होते.

हे न्यायाधिकरण काय होते ते थोडक्यात सांगतो. भारतीय स्पर्धा आयोग चौकशी करून दंड ठोकतो. त्या दंडाविरुद्ध अपील ऐकण्यासाठी २००९ मध्ये हे न्यायाधिकरण उभे राहिले. पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती अरिजित पसायत होते, त्यांच्या मागून सिरपूरकर आले. कायदा नवा होता, निकालांची परंपरा नव्हती, आणि आयोग मात्र शेकडो कोटींचे दंड लावू लागला होता. दिवाणी-फौजदारीत आयुष्य घालवलेल्या माणसाला येथे अर्थशास्त्र, बाजारभाव, कंपन्यांचे ताळेबंद वाचावे लागत. वकिलीची ही शाखा त्या काळात आपल्याकडच्या एकाही कॉलेजात धडपणे शिकवली जात नसावी, असे आम्हाला वाटते.

आता त्या खटल्याकडे वळू. भंडारा हा धानाचा जिल्हा, त्यामुळे खटल्यातली वस्तू आमच्या वाचकांना ओळखीची आहे. गोदामात पोत्यांची थप्पी लावली की तिला कीड लागू नये म्हणून ताडपत्रीखाली गोळ्या ठेवतात. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडची ३ ग्रॅमची गोळी, हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून विषारी वायू सुटतो आणि कीड मरते. (माणूसही मरतो. या गोळ्या घरात ठेवू नयेत, हे आम्ही लगे हाथ सांगून ठेवतो.) भारतीय अन्न महामंडळाला देशभरच्या गोदामांसाठी या गोळ्या टनांच्या हिशेबाने लागतात.

महामंडळाने ८ मे २००९ ला ६०० मेट्रिक टन गोळ्यांची निविदा काढली. एक्सेल क्रॉप केअर, युनायटेड फॉस्फरस म्हणजे यूपीएल आणि संध्या ऑरगॅनिक केमिकल्स या तिन्ही कंपन्यांनी दर भरला तो किलोला ३८८ रुपये. तिघांचा दर एकच, पैशाचाही फरक नाही. तिन्ही कंपन्यांचे कारखाने वेगळे, खर्च वेगळा, आकार तर फारच वेगळा, तरी दर तोच. आधीच्या वर्षांतही असेच प्रकार झाल्याचे दिसून आले. महामंडळाने फेब्रुवारी २०११ मध्ये स्पर्धा आयोगाला पत्र लिहिले. आयोगाने चौकशी केली, त्यात महामंडळाच्या फाटकावरील रजिस्टरातल्या नोंदीही तपासल्या गेल्या.

२३ एप्रिल २०१२ ला आयोगाने निकाल दिला. संगनमत सिद्ध झाले, म्हणून मागील तीन वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या ९ टक्के दंड. ही उलाढाल सर्व मालाची मिळून धरलेली होती. यूपीएलला २५२ कोटी ४४ लाख, एक्सेलला ६३ कोटी ९० लाख, संध्याला १ कोटी ५७ लाख. यूपीएल कंपनी शेकडो प्रकारची औषधे विकते आणि देशाबाहेरही विकते. गोळ्या हा तिच्या धंद्याचा एक कोपरा होता. गोळीच्या व्यवहारातून जे मिळाले त्याच्या कितीतरी पट दंड होऊन बसला.

अपील सिरपूरकरांच्या न्यायाधिकरणापुढे आले. कंपन्यांनी सांगून पाहिले की संगनमत झालेच नाही. एवढ्या थोड्या कंपन्या असल्या की दर आपोआप जुळतात, शिवाय निविदा निघाली तेव्हा कायदा लागूच नव्हता. न्यायाधिकरणाने हे ऐकले नाही. निविदा २० मे २००९ च्या आधी निघाली असली तरी तिची प्रक्रिया नंतर चालू होती, आणि तिघांचा दर असा तंतोतंत जुळणे हा योगायोग नव्हे. गुन्हा कायम राहिला.

दंडाच्या बाबतीत मात्र २९ ऑक्टोबर २०१३ च्या निकालाने नवी वाट पाडली. कायद्यात 'उलाढाल' एवढाच शब्द आहे, कोणती उलाढाल ते लिहिलेले नाही. न्यायाधिकरणाने म्हटले की ज्या मालात संगनमत झाले त्या मालाची उलाढाल धरावी, बाकीच्या धंद्याला हात लावू नये. याला कायद्याच्या भाषेत 'संबंधित उलाढाल' म्हणतात. ९ टक्के तेच राहिले, पण यूपीएलचा दंड ६ कोटी ९४ लाखांवर आला आणि एक्सेलचा २ कोटी ९२ लाखांवर. संध्या ही तिघांतली सगळ्यात लहान कंपनी, तिचा दंड एक दशांश करून १५ लाख ७० हजार ठेवण्यात आला.

आमच्या वाचकांसाठी हा हिशेब आपल्या मापाने मांडून पाहू. हे उदाहरण काल्पनिक आहे. समजा एकाची राईस मिल, कापड दुकान आणि ट्रक मिळून वर्षाची उलाढाल ५ कोटी आहे. त्याने २० लाखांच्या बारदान्याच्या पुरवठ्यात रिंग केली. साऱ्या गल्ल्यावर ९ टक्के म्हणजे ४५ लाख, माणूस उठला. बारदान्याच्या २० लाखांवर ९ टक्के म्हणजे १ लाख ८० हजार. अद्दल घडते, पण धंदा राहतो आणि हमालाचा पगारही राहतो.

आयोगाला हे पटले नाही, तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ८ मे २०१७ ला न्या. सिक्री आणि न्या. रमणा यांच्या खंडपीठाने सिरपूरकरांचाच हिशेब कायम केला. शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात असावी, आणि अनेक मालांचा धंदा करणाऱ्याला केवळ तो अनेक माल विकतो म्हणून जादा शिक्षा होऊ नये, असा त्याचा आशय होता. या निकालाने पुढची सहा-सात वर्षे देशातल्या प्रत्येक स्पर्धा खटल्यात दंड कसा मोजायचा ते ठरवले.

येथे कोणी समजू नये की सिरपूरकर हे कंपन्यांना सूट देणारे न्यायाधीश होते. घरबांधणीतल्या डीएलएफ कंपनीचे प्रकरण त्यांच्याच पुढे आले होते. गुडगावच्या बेलेअर इमारतीतल्या फ्लॅटधारकांची तक्रार अशी होती की, आधी सांगितलेल्यापेक्षा मजले वाढवले आणि करारातल्या अटी एकतर्फी आहेत. आयोगाने ऑगस्ट २०११ मध्ये ६३० कोटींचा दंड लावला होता. १९ मे २०१४ च्या निकालात न्यायाधिकरणाने त्यातला एक रुपयाही कमी केला नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की माणसाची पद्धत कळते. दोष सिद्ध झाल्यावर सोडायचे नाही, पण हिशेब मात्र नेमका करायचा.

प्रत्येक निकाल टिकला असेही नाही. स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर बनवणाऱ्या चाळीसच्या वर कंपन्यांना आयोगाने दंड केला होता. इंडियन ऑइलच्या २०१० च्या टेंडरात त्यांचे दर सारखे आले आणि टेंडरच्या तोंडावर मुंबईच्या हॉटेलात बैठक झाली होती, हा पुरावा. न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१३ मध्ये संगनमत मान्य केले. पण १ ऑक्टोबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले. त्यांचे म्हणणे असे की येथे माल घेणाऱ्या कंपन्या मोजून तीन, दर मागच्या टेंडरवरून सगळ्यांना ठाऊक, घेणाऱ्याचेच वर्चस्व, मग दर सारखे आले तर नवल काय? याचा अर्थ दर जुळला म्हणजे गुन्हा झालाच असे नाही. बाजार कसा आहे हेही पाहिले जाते. ज्यांचा माल एकाच सरकारी खात्याला जातो त्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा, मात्र त्याच्या भरवशावर हॉटेलात बैठका घेऊ नयेत.

उलाढाल कोणती धरायची, हाच सवाल दूरसंचाराच्या क्षेत्रात आला आणि तेथे उत्तर उलटे मिळाले. ती हकिगत आम्ही मुद्दाम सांगतो, कारण मोबाईल रिचार्जचे दर वाढले की आमच्या तरुण दुकानदारांना गिऱ्हाइकाची बोलणी खावी लागतात आणि दर का वाढले ते त्यांनाही सांगता येत नाही.

३१ जुलै १९९५ ला देशात पहिला मोबाईल कॉल झाला. तेव्हा आपल्याकडे पिवळ्या पाट्यांच्या एसटीडी बूथचा जमाना होता आणि रात्री दर उतरले की रांगा लागत. खाजगी कंपन्या आल्या तसे नियंत्रणासाठी १९९७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ट्राय स्थापन झाले. २००० मध्ये कायदा बदलून तंटे सोडवण्यासाठी वेगळे न्यायाधिकरण आले, त्याला टीडीसॅट म्हणतात. १९९९ च्या धोरणापासून कंपन्यांकडून ठोक लायसन फीऐवजी उत्पन्नाचा वाटा घ्यायचे ठरले. आणि लगेच भांडण लागले की उत्पन्न म्हणजे काय? कॉलचे पैसे हे उत्पन्न, यात वाद नाही. पण बँकेतल्या ठेवीचे व्याज? इमारतीचे भाडे? शेअरचा लाभांश? जुनी मालमत्ता विकून आलेला नफा?

वर्षानुवर्षे हा तंटा वरखाली फिरला. २०१३ मध्ये टीडीसॅटचे अध्यक्षपद न्यायमूर्ती आफताब आलम यांच्याकडे आले. ते मूळ पाटण्याचे, सर्वोच्च न्यायालयातून त्याच वर्षी निवृत्त झालेले. तेथे ते आणि सिरपूरकर काही वर्षे सहकारी होते. २३ एप्रिल २०१५ च्या निकालात टीडीसॅटने भाडे, व्याज, लाभांश, मालमत्ता विक्रीचा नफा अशी बिगर-दूरसंचार मिळकत वगळली. म्हणजे फोनच्या धंद्याचा वाटा फोनच्या धंद्यातूनच घ्यावा. विचार सिरपूरकरांच्या गोळीच्या निकालासारखाच.

पण २४ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारची व्याख्या उचलून धरली. कारण असे की कंपन्यांनी लायसनवर सही करताना ही व्याख्या मान्य केली होती. करारात लिहिले आहे ते द्यावे लागेल. मागणी झाली सुमारे ९२ हजार ६४२ कोटींची. वाचकांनी हे नीट पाहावे की त्यात मूळ बाकी साधारण चौथा हिस्सा होती, २३ हजार कोटींच्या आसपास. बाकी सारे व्याज, दंड आणि दंडावरचे व्याज. तंटा चालू असताना व्याजही चालूच होते. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये न्यायालयाने हप्त्याने भरायला दहा वर्षांची मुदत दिली. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्याख्याच बदलली आणि बिगर-दूरसंचार मिळकत वगळली, पण पुढच्या काळापुरती. मागचे देणे तसेच राहिले.

आमच्या मते या दोन हकिगतींतला फरक व्यापाऱ्याने समजून घेण्यासारखा आहे. गोळीच्या खटल्यात कायद्याचा शब्द मोघम होता, म्हणून न्यायाधीशाला न्यायाच्या अंगाने अर्थ लावता आला. फोनच्या खटल्यात करारच स्पष्ट होता आणि त्यावर सही होती. छापील कराराची वीस पाने न वाचता सही करणारे आपल्याकडे काही कमी नाहीत. बँकेचे कागद असोत, कंपनीची डीलरशिप असो, सही आधी आणि वाचन नंतर.

दूरसंचार आणि स्पर्धा कायदा यांची थेट टक्कर झाली ती मुंबईत. ५ सप्टेंबर २०१६ ला रिलायन्स जिओ बाजारात आली. एका कंपनीचा कॉल दुसऱ्या कंपनीच्या फोनवर जायचा तर दोन जाळ्यांमध्ये जोडणी लागते. जिओची तक्रार होती की एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया या जुन्या कंपन्या पुरेशी जोडणी देत नाहीत, त्यामुळे कॉल लागत नाहीत. ट्रायचा नियम हजारात पाचपेक्षा जास्त कॉल अडू नयेत असा आहे. २१ ऑक्टोबर २०१६ ला ट्रायने दर मंडळामागे ५० कोटी या हिशेबाने तिघींवर मिळून ३ हजार ५० कोटींच्या दंडाची शिफारस केली. तिकडे स्पर्धा आयोगाकडेही तक्रार गेली आणि एप्रिल २०१७ मध्ये त्याने संगनमताच्या चौकशीचा हुकूम काढला. कंपन्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. एकाच गोष्टीसाठी दोन दारांत उभे राहायचे का?

२१ सप्टेंबर २०१७ ला न्या. अनुप मोहता आणि न्या. भारती डांगरे यांच्या खंडपीठाने आयोगाचा हुकूम रद्द केला. न्या. डांगरे याही नागपूर खंडपीठात वकिली केलेल्या. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ ला हा निकाल कायम ठेवला आणि दोन दारांचा क्रम लावून दिला. जोडणीचे कर्तव्य पाळले की नाही हा तांत्रिक प्रश्न आधी ट्रायने सोडवावा. त्यात दोष दिसला आणि तो संगनमताने झाला असे वाटले, तर मग आयोगाने यावे. आयोगाचा अधिकार गेला नाही, त्याची पाळी मागाहून आली.

आपल्या दुकानदाराला याचा उपयोग एवढाच की दार चुकले तर वर्ष वाया जाते. ग्राहकाची एकेकटी तक्रार ट्राय घेत नाही, त्यासाठी आधी कंपनीचे तक्रार केंद्र आणि मग तिचेच अपील अधिकारी. स्पर्धा आयोगाकडे कोणीही माहिती दाखल करू शकतो, ठराविक फी भरून. पण 'मला कमिशन कमी मिळते' ही तक्रार तेथे चालत नाही. बाजारातली स्पर्धा बिघडली हे दाखवावे लागते.

आता परत आपल्या रिंगकडे. कोणी म्हणेल की हे सारे कोट्यधीशांचे खटले आहेत, लाखनीच्या टेंडरकडे दिल्लीहून कोण पाहतो? त्यांनी पुण्याचे उदाहरण ऐकावे. पुणे महानगरपालिकेने कचरा प्रक्रियेच्या प्रकल्पांसाठी टेंडरे काढली होती. भरणाऱ्या कंपन्यांपैकी काही नुसत्या नावाच्या होत्या, स्पर्धा दिसावी म्हणून उभ्या केलेल्या. त्यांपैकी काहींचा कचऱ्याच्या कामाशी संबंधही नव्हता. ३१ मे २०१८ ला आयोगाने त्यांना दंड केला. दंड झाला तो जिंकणाऱ्यालाही आणि नाव उसने देणाऱ्यालाही. 'मी फक्त सही दिली, काम तर घेतलेच नाही' हा बचाव चालला नाही. आमच्या वाचकांत मित्राच्या शब्दाखातर लेटरहेड देणारे पुष्कळ आहेत, त्यांनी हे वाक्य दुसऱ्यांदा वाचावे. कंपनीबरोबर जबाबदार माणसालाही व्यक्तिशः दंड होऊ शकतो.

त्याच प्रकरणात आणखी एक गोष्ट झाली. काही कंपन्यांनी स्वतःहून आयोगाकडे जाऊन सारे सांगितले आणि त्यांच्या दंडात मोठी सूट मिळाली. कायद्यात ही तरतूद आहे. पहिला येऊन बोलतो त्याला सगळ्यात जास्त सूट, मागून येणाऱ्याला कमी. म्हणजे चौघांची रिंग असली तर चौघांपैकी कोण आधी बोलेल याचा नेम नाही.

मग एकत्र येऊच नये का? तसे मुळीच नाही. दोन कारागिरांनी उघडपणे भागीदारी करून, दोघांची नावे कागदावर देऊन, एकच निविदा भरली तर ती गोष्ट वेगळी. एकट्याला न झेपणारे काम दोघे मिळून करतात, याला कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती आतून एक आणि बाहेरून चार असण्याला. व्यापारी संघटनेनेही बाजारातल्या अडचणी, कर, वीज, हमाली यांवर जरूर बैठका घ्याव्या. पण 'उद्यापासून सर्वांनी अमुक दराखाली विकू नये' असा ठराव लिहून खाली सह्या घेतल्या, तर तो ठराव म्हणजे आपल्याच हाताने लिहून दिलेला पुरावा. औषध विक्रेत्यांपासून चित्रपट वितरकांपर्यंत अनेक संघटनांवर आयोगाने आजवर कारवाई केलेली आहे.

राहिला दंडाचा आजचा हिशेब. सिरपूरकरांनी घालून दिलेली रीत आज जशीच्या तशी उरलेली नाही. संसदेने २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि ६ मार्च २०२४ पासून ती या बाबतीत अमलात आली. आता 'उलाढाल' म्हणजे सर्व मालाची, सर्व देशांतली उलाढाल, असे कायद्यातच लिहिले आहे. मोजणी मात्र आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे संबंधित मालाच्या सरासरी उलाढालीपासूनच सुरू होते, तिच्या ३० टक्क्यांपर्यंत. एकूण उलाढालीच्या १० टक्क्यांची वरची मर्यादा आहे, आणि संगनमत असेल तर कायदा नफ्याच्या तिप्पटीपर्यंतही जाऊ देतो. वरच्या आपल्या उदाहरणातला बारदान्याचा व्यापारी आज सापडला तर सुरुवात २० लाखांच्या ३० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६ लाखांपर्यंत होऊ शकते. ४५ लाखांपेक्षा कमी, पण १ लाख ८० हजारांच्या तिपटीहून जास्त. नागपूरच्या वकिलाचा हिशेब पायात राहिला, वरची भिंत संसदेने उंच केली.

ज्या न्यायाधिकरणात हा हिशेब पहिल्यांदा मांडला गेला तेही आता नाही. २६ मे २०१७ पासून ते बंद होऊन त्याचे काम राष्ट्रीय कंपनी कायदा अपिलीय न्यायाधिकरणाकडे गेले. आयोगाच्या हुकमाविरुद्ध अपील करायचे तर दिल्लीलाच जावे लागते, आणि २०२३ च्या दुरुस्तीपासून दंडाच्या २५ टक्के रक्कम आधी भरल्याशिवाय अपील ऐकले जात नाही. वकिलाची फी, गाडीभाडे आणि मुक्काम त्याहून वेगळे.